शारदेच्या काठी, गोमतीच्या उगमाशी

लखनौला जाणारा मराठी पर्यटक बहुधा ठरावीक गोष्टी पाहून परततो. बडा इमामबाडा आणि त्यातली भूलभुलैया, रूमी दरवाजा, रेसिडेन्सी, हजरतगंजातली एक संध्याकाळ, चौकातली चिकनची खरेदी आणि थंडीचे दिवस असतील तर सकाळी द्रोणात मिळणारं फेसाळ मक्खन-मलई. गाण्याची आवड असलेले लोक पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं १९२६ साली सुरू झालेल्या संगीत विद्यालयाच्या दारातही एकदा उभे राहतात. इतकं झालं की लखनौ संपलं, असं आपल्याला वाटतं. मुलांचं तर ते भूलभुलैयापाशीच संपलेलं असतं.

पण लखनौहून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर, नेपाळच्या सीमेलगतच्या तराईत, सालाच्या दाट जंगलात एका विस्तीर्ण जलाशयाच्या काठी सहकुटुंब मुक्काम करता येतो, हे खुद्द लखनौच्या कित्येक मराठी मंडळींनाही ठाऊक नसतं. त्या जागेचं नाव चुका. नाव ऐकून हसू येणं साहजिक आहे. आमच्या घरातही आलं. "कोणाच्या चुका?" असं मुलांनी विचारलं, आणि काकूंना आठवली ती आंबटचुक्याची भाजी!

माझा भाऊ नोकरीनिमित्त लखनौला गोमतीनगरात राहतो. वहिनी जन्मानं लखनवी मराठी. तिचे वडील रेल्वेच्या मानकनगर इथल्या संशोधन संस्थेत, म्हणजे आरडीएसओत, नोकरीला लागले आणि तब्बल ३८ वर्षं त्या शहरात राहिले. आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणतो. आता ते आणि काकू पुण्याला धाकट्या मुलाकडे कायमचे जायचे होते. सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. "अण्णा, लखनौतलं काही पाहायचं राहिलंय का तुमचं?" असं वहिनीनं विचारलं, तर ते म्हणाले, "गोमती निघते कुठून, तेवढं पाहिलं नाही बघ. रोज पुलावरून गेलो, पण उगमापर्यंत काही जाणं झालं नाही."

नकाशा उघडला. गोमतीचा उगम पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडा या गावी, आणि तिथून पुढे थोड्याच अंतरावर चुका. मुलांना जंगल हवं होतं, अण्णांना नदी हवी होती. एकाच रस्त्यावर दोन्ही मिळत होतं. फेब्रुवारीअखेरचे तीन दिवस ठरले. अण्णा-काकू, दादा-वहिनी, माझा भाचा, मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी, अशी सात जणांची मोट एका मोठ्या गाडीत बसली.

उसाच्या प्रदेशातून

सकाळी सहाला निघालो. डिसेंबर-जानेवारीत या भागात धुकं इतकं दाट असतं की पुढची गाडी दिसत नाही, म्हणून लखनौकर त्या दिवसांत पहाटेचा प्रवास टाळतात. फेब्रुवारीअखेर ती भीती नसते. सीतापूर, लखीमपूर, गोला, खुटार, पूरणपूर असा रस्ता. सीतापूर जिल्ह्यातच नैमिषारण्य आहे, हे कळल्यावर काकू एकदम सावरून बसल्या. सत्यनारायणाच्या पोथीत सूत आणि शौनक ऋषी ज्या नैमिषारण्यात बसून बोलतात, ते हेच; आणि तेही गोमतीच्याच काठी. जन्मभर पूजेला ऐकलेलं गाव रस्त्यावरच्या पाटीवर वाचायला मिळालं, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. परतताना तिथे जायचं, असा शब्द दादानं दिला तेव्हा कुठे गाडी पुढे निघाली.

लखीमपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मधूनमधून मोहरीची उरलीसुरली पिवळी फुलं, हिरवा गहू आणि रस्त्यावर उसानं ओथंबलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा. अण्णा जुन्या मीटरगेजची आठवण काढत होते. लखनौच्या ऐशबागहून सीतापूर, लखीमपूर, मैलानी अशी ती छोटी गाडी या जंगलाच्या दिशेनं यायची. रेल्वेचा माणूस, त्यामुळे प्रत्येक फाटकाला त्यांच्याकडे एक गोष्ट होती. गोल्याला गोकर्णनाथाचं देऊळ आहे. आपल्या कोकणपट्टीच्या दक्षिणेला जे गोकर्ण आहे, त्याचंच हे उत्तरेकडचं भावंड. या भागात त्याला छोटी काशी म्हणतात. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. मुलांना भूक लागली होती.

पूरणपूर ओलांडलं की गावांचं रूप बदलतं. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या शीख कुटुंबांनी तराईची ही जमीन लागवडीखाली आणली. त्यामुळे शेताच्या मध्यावर मोठी घरं आणि गुरुद्वारे दिसतात. कुठे बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. आणि मग एकाएकी शेतं संपून सालवृक्षांची भिंतच उभी राहते. मध्ये माळ नाही, झुडपांचा पट्टा नाही. उसाचा शेवटचा सरा आणि जंगलाचं पहिलं झाड यांत कुठे कुठे एका रस्त्याचंच अंतर. ही गोष्ट मी लक्षात ठेवली, कारण पुढे तिचा अर्थ कळला.

तंबू नाही, झोपडी

मुस्तफाबादच्या वनविश्रामगृहापाशी आमची गाडी थांबली आणि पुढे वनखात्याकडे नोंदलेल्या जिप्सीतून आत गेलो. हे जंगल २०१४ साली पिलीभीत व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे ७३० चौरस किलोमीटर. आपल्याकडे सागाच्या जंगलाची सवय असते. उन्हाळ्यात ते पार उघडं पडतं. सालाचं तसं नाही. त्याची सगळी पानं एकदम गळत नाहीत, खोडं सरळसोट वर गेलेली, आणि भर दुपारी खाली हिरवट संधिप्रकाश. वहिनी म्हणाली, "इमामबाड्याच्या दालनात शिरल्यासारखं वाटतंय." लखनौच्या माणसाला उपमासुद्धा लखनौचीच सुचायची!

आणि मग झाडं दूर झाली आणि समोर पाणी आलं. शारदा सागर. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर, त्यामुळे पलीकडचा काठ कसा तो दिसत नाही. हिमालयातून नेपाळच्या सीमेवरून उतरणारी काली किंवा महाकाली नदी सपाटीवर आली की तिला शारदा म्हणतात. बनबसा इथे तिचं पाणी अडवून १९२८ साली शारदा कालवा सुरू झाला. त्या व्यवस्थेत पुढे हा जलाशय आला. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला सागर आणि मध्ये जंगलाचा पट्टा, तिथे चुका वसलेलं आहे. काठाला खरोखरच वाळू आहे, म्हणून लोक त्याला 'चुका बीच' म्हणतात. समुद्रकाठच्या माणसाला हे नाव थोडं अती वाटेल. मलाही वाटलं. पण लाटा वाळूवर येत होत्या आणि मुलांनी चपला केव्हाच काढल्या होत्या.

इथे तंबू ठोकता येत नाहीत. वनखात्यानं लाकूड आणि बांबूच्या मोजक्याच झोपड्या बांधल्या आहेत. एक झाडावर, एक पाण्यावर खांब रोवून, एक बांबूची आणि एक थारू लोकांच्या घरासारखी. थारू ही तराईतली आदिवासी जमात. आम्हाला थारू आणि बांबूची अशा दोन झोपड्या मिळाल्या. झाडावरची न मिळाल्यानं भाचा थोडा वेळ फुरंगटून बसला. आत पलंग, पांघरुणं, न्हाणीघर, सगळं नीटनेटकं. चैन म्हणावी असं काही नाही, आणि ते बरंच आहे. आपल्याकडे पवनेच्या काठी तंबूंची जी रांग लागते आणि रात्री जो गाण्यांचा गोंगाट चालतो, तो आठवून मला इथल्या नियमांबद्दल आदरच वाटला. शेकोटी नाही. ध्वनिवर्धक नाही. पाण्यात उतरायचं नाही, कारण त्यात मगरी आहेत. अंधार पडल्यावर आवाराबाहेर पाऊल नाही.

अंधारातले दोन तास

नियम ऐकताना मुलांना सगळं गमतीचं वाटतं. ते खरे कसे असतात, हे संध्याकाळी कळतं. जेवणं लवकर उरकली. दिवे मोजकेच. मोबाईलची रेघ येत होती आणि जात होती. भाचा विजेरी घेऊन पाण्याकडे निघाला, तर चौकीदार कुठूनसा पुढे आला आणि त्यानं त्याचा हात धरला. रागावला नाही, फक्त म्हणाला, "भैया, अब नहीं. अब उनका टाइम है." पोरगं मुकाट्यानं परत फिरलं.

मग आम्ही सात जण झोपडीच्या ओसरीवर शाली पांघरून बसलो. घरी संध्याकाळी सात जण सात दिशांना असतात. इथे जायला जागाच नव्हती! पहिला अर्धा तास अवघड गेला, हे कबूल करायला हवं. मुलं चुळबुळत होती, दादा उगीच मोबाईल वर धरून पाहत होता. मग पाण्याकडून बदकांचे आवाज येऊ लागले. हिवाळ्यात उत्तरेकडून उतरणारे पाहुणे पक्षी या दिवसांत परतीच्या तयारीत असतात. थोड्या वेळानं जंगलातून चितळाची शीळवजा हाक आली, एकदा, दोनदा, आणि सगळे गप्प झाले. माझी मुलगी सरकत सरकत काकूंच्या शालीत शिरली. "आजी, वाघ आला असेल?" काकू म्हणाल्या, "आला असेल तर त्याच्या कामाला आला असेल. आपलं काय काम त्याच्याकडे?"

त्या अंधारात अण्णा बोलू लागले. लखनौत ते पहिल्यांदा उतरले तेव्हा त्यांना हिंदी म्हणजे सिनेमातली तेवढीच येत होती. घरमालकानं 'तशरीफ रखिए' म्हटल्यावर ते सामान कुठे ठेवायचं ते शोधू लागले होते! १९६० च्या पुरात गोमती शहरात कशी शिरली होती, हे त्यांना जुन्या शेजाऱ्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते आपण पाहिल्यासारखंच सांगतात. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी गोमतीनगरात राहणाऱ्या माझ्या भावालाही माहीत नव्हती. नाव गोमतीनगर, पण तिथल्या नळांना पाणी येतं ते कठौता तलावातून, आणि कठौत्यात ते शारदा सहायक कालव्यानं येतं. "म्हणजे जावईबापू, तुम्ही राहता गोमतीच्या काठी आणि पिता या शारदेचं." दादानं समोरच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "एवढी वर्षं हे तुम्ही कधी बोलला नाहीत, अण्णा." ते म्हणाले, "कुणी विचारलं नाहीस कधी."

वाघ वाढले, माणसांचं काय?

सकाळच्या फेरीत वाघ दिसला नाही. वाळूत त्याची ताजी पावलं दिसली, मोठी, बशीएवढी, आमच्याच रस्त्यानं काही अंतर चालून गेलेली. चितळ, मोर आणि धनेश दिसले. तांबडा रानकोंबडा दिसला. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा असतो. तराईतला हा तांबडा म्हणजे आपल्या घरच्या कोंबड्यांचा पूर्वज. मुलांचा हिरमोड झाला, पण फार नाही. पावलांशेजारी स्वतःचा पंजा ठेवून काढलेला फोटो पुढे शाळेत बराच गाजला म्हणे.

जिप्सी चालवणारा तरुण जंगलाच्या कडेच्या गावातला. त्याला मी विचारलं ते वाघांविषयी, आणि तो बोलला उसाविषयी. या प्रकल्पात २०१४ ला २५ वाघ होते. २०१८ च्या गणतीत ते ६५ झाले. चार वर्षांत दुपटीहून अधिक! त्याबद्दल २०२० साली या प्रकल्पाला टीएक्स-२ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारा हा जगातला पहिला प्रकल्प. हे सगळं अभिमानाचंच आहे. पण जंगल अरुंद आणि लांबुळकं, आणि त्याला खेटून ऊस. उंच, दाट, पाणी दिलेला, महिनोन्महिने माणूस आत न शिरणारा. वाघाला ते जंगलच वाटतं. वाघिणी उसात पिल्लं घालतात. मग तोडणीचा हंगाम येतो आणि माणूस कोयता घेऊन आत शिरतो. २०१७ साली इथे वाघाच्या हल्ल्यांत इतकी माणसं दगावली की देशभर त्याच्या बातम्या झाल्या. २०२३ च्या डिसेंबरात अटकोना गावात एक वाघ भिंतीवर ठाण मांडून बसला आणि सगळं गाव छपरांवरून त्याच्याकडे पाहत राहिलं. ती चित्रं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील, बहुधा गंमत म्हणून.

"आमच्याकडे उसात कोणी एकटं जात नाही," तो तरुण म्हणाला. गावोगावच्या काही मुलांना 'बाघ मित्र' म्हणून शिकवून तयार केलं आहे. वाघ शेतात आला की ती वनखात्याला कळवतात आणि मुख्य म्हणजे गर्दी होऊ देत नाहीत. जमाव, दगड, आरडाओरडा यांनी बिथरलेला वाघ अधिक घातक असतो. माझ्या मुलीनं त्याला सरळच विचारलं, "मग वाघ वाढले ते चांगलं झालं की वाईट?" तो हसला. "बेटी, जंगल में रहे तो बहुत अच्छा." जरा थांबून म्हणाला, "और आप लोग आते रहें तो भी अच्छा." त्याची जिप्सी, उपाहारगृहातला स्वयंपाकी, वाटाडे, सगळे कडेच्याच गावांतले. वाघाच्या नावानं पैसा येतो तो कोणाच्या घरी जातो, हे पर्यटकानं विचारलं पाहिजे असं मला वाटतं. ज्याच्या शेतात वाघ येतो, त्याच्या घरी काहीच जात नसेल, तर त्यानं वाघावर प्रेम का करावं? इथे ते अंशतः तरी जातं.

एवढीशी गोमती

दुसऱ्या रात्रीनंतर परतताना माधोटांड्याला थांबलो. गोमुख, गंगोत्री अशी चित्रं डोक्यात घेऊन मुलं खाली उतरली आणि समोर पाहिलं तर एक तळं. त्याला गोमत ताल किंवा फुलहर झील म्हणतात. घाट, देवळं, पाण्यावर हिरवी पानं. बर्फ नाही, कडा नाही, गर्जना नाही. गोमती ही हिमालयातून येणारी नदी नव्हे. तराईच्या पोटातले झरे आणि पावसाचं पाणी यांवर ती जगते. तळ्यातून बाहेर पडणारी धार इतकी बारीक की ओढा म्हणावं की पाट, असा प्रश्न पडावा. सुरुवातीच्या टप्प्यात उन्हाळ्यात तिचं पात्र कोरडं पडतं, आणि कोरडं पात्र म्हटलं की शेजारचं शेत हळूहळू त्यात सरकतं. अलीकडच्या वर्षांत लोकांच्या श्रमदानानं आणि प्रशासनाच्या पुढाकारानं काही ठिकाणी ते पुन्हा मोकळं करण्याचे प्रयत्न झाले आहेत. हीच धार पुढे लहानमोठ्या उपनद्या घेत, नैमिषारण्यावरून लखनौत येते, जौनपूरचा जुना शाही पूल ओलांडते आणि ९०० किलोमीटरहून अधिक वाट चालून वाराणसीच्या पुढे कैथीजवळ गंगेला मिळते.

अण्णा पायऱ्या उतरून खाली गेले. वाकून पाण्यात हात घातला. "स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले. लखनौची गोमती ज्यांनी पाहिली आहे, पुलावरून जाताना गाडीची काच वर घेतली आहे, त्यांना त्या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. शहरातले नाले तिच्यात वर्षानुवर्षं सुटत आले. काठावर पुढे दगडी फरसबंदी झाली, कारंजी झाली, फिरायला रस्ता झाला. पाण्याचं दुखणं राहिलं. अण्णा त्या धारेच्या काठानं बरंच अंतर चालत गेले. भाचाही त्यांच्यामागून गेला. काकूंनी डब्यातल्या पुऱ्या काढल्या होत्या, त्या गार झाल्या. पण त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

दिलेल्या शब्दाप्रमाणे नैमिषारण्यही झालं. चक्रतीर्थावर गर्दी होती. काकूंचं समाधान झालं.

तुम्हाला जायचं असेल तर

नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत जंगल पर्यटकांसाठी उघडं असतं, पावसाळ्यात बंद. मुलांना घेऊन जायचं तर फेब्रुवारी-मार्च उत्तम, कारण धुकं सरलेलं असतं आणि ऊन सोसतं. झोपड्या अगदी थोड्या आहेत, म्हणून वनखात्याच्या आरक्षणाची खात्री झाल्याशिवाय निघू नये. आयत्या वेळी जागा मिळण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसनं लखनौ गाठावं, पुण्याहूनही लखनौची गाडी आहे. पुढे लखनौहून सहा-सात तासांचा मोटारीचा रस्ता आहे. सकाळी लवकर निघा. जंगलाच्या फाटकावर उशिरा पोहोचून चालत नाही. रेल्वेनंच जवळ जायचं तर पिलीभीत स्टेशन. पिलीभीतच्या बासऱ्या देशभर जातात, त्यासाठी लागणारा बांबू आसामहून येतो. बासरी वाजवणारं कोणी घरात असेल तर गावात तासभर राखून ठेवा.

सोबत लोकरीचे कपडे, विजेरी, डास पळवणारं मलम, नेहमीची औषधं आणि मुलांसाठी कोरडा खाऊ घ्यावा. जवळपास दुकान नाही. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. लखनौहून इतकं लांब जायला वेळ नसेल तर कानपूर रस्त्यावरचं नवाबगंजचं पक्षी अभयारण्य तासाभराच्या अंतरावर आहे, आणि खुद्द शहरात कुकरैलला १९७८ पासून घडियालांची पैदास चालते. तिथे मुक्काम नाही, पण मुलांचा अर्धा दिवस छान जातो. आमच्या मुलांनी कुकरैल आधी पाहिलं होतं, त्यामुळे मगर आणि घडियाल यांतला फरक त्यांनी चुक्याच्या चौकीदाराला समजावून सांगितला. त्यानंही तो शांतपणे ऐकून घेतला.